कोरडी नळी

मोहितेवहिनींनी मला पहिल्यांदा काही विचारलं ते नवऱ्याची पँट हातात धरून. नेरुळच्या आमच्या इमारतीत त्या समोरच्याच दारात राहायच्या, पण तोवर आमचं बोलणं ‘दूधवाला आला का’ एवढ्यापुरतंच होतं. त्या रविवारी मी चहा आणि पेपर घेऊन बसलो होतो, आणि या दारात उभ्या. पँट धुतलेली, नुकतीच दोरीवरून काढलेली.

“भावजी, तुमी टेलिफोनमधले. तुमाला मशिनीतलं कळतं. हा डाग मागच्या आठवड्यात इथं होता.” त्यांनी डाव्या घोट्यापाशी बोट ठेवलं. “आणि हा बघा, कालचा. गुडघ्याच्या खाली, आतल्या अंगाला. तेल खाली गळायचं सोडून वर कसं काय चढलं?”

मी टेलिफोन खात्यात होतो हे खरं, पण मशिनींशी माझी गाठ फायलीतच पडायची. तरी समोरून कोणी मान देऊन विचारलं की उत्तर द्यायचा मोह आवरत नाही. मी म्हणालो, “जुनी फटफटी आहे वहिनी, गळणारच. मोहित्यांना म्हणावं, नट आवळून घ्या.”

“कुठला नट?”

“सगळेच.”

“बरं,” म्हणाल्या आणि गेल्या. त्या ‘बरं’मध्ये माझी किंमत होऊन गेली हे मला पेपरची पुढची ओळ वाचताना कळलं.

वहिनी घरी ब्लाउज शिवायच्या. खिडकीशी मशीन, गळ्यात टेप, ओठांत दोन-तीन टाचण्या. टाचण्या ओठांत धरूनच बोलायच्या आणि एकही पडायची नाही. कुठलीही गोष्ट बिघडली की त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, “का बरं?” त्यात तक्रार नसायची. एखाद्याला नवीन गावाला जायला मिळावं तशा खुशीत त्या म्हणायच्या. आमच्या सोसायटीचे चेअरमन साळवीसाहेब. त्यांच्या मिसेस एकदा ब्लाउज घेऊन तणतणत आल्या, उजवा खांदा सारखा उतरतो म्हणून. दुसरी शिंपीण असती तर खांदा उसवून आत घेतला असता. वहिनींनी त्यांना ब्लाउज घालायला लावून जिना वर-खाली करायला लावला. मग स्वयंपाकघरातून पाणी आणायला लावलं. साळवीबाई दमून खुर्चीत बसल्या तेव्हा वहिनी म्हणाल्या, “तुमी पर्स उजव्या खांद्याला लावता ना? रोज? मग तो खांदा तुमी वर उचलून धरता. ब्लाउज बरोबर हाय, खांदा वाकडा झालाय. मी बाही बदलून देते, पण पर्स तेवढी डावीकडे घ्या.” साळवीबाई रागावून गेल्या. पर्स मात्र दुसऱ्या दिवसापासून डावीकडे.

आता फटफटीचं सांगतो, आणि त्यातला माझा भागही आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर पुढे उगाच मी भला माणूस वाटेन.

मोहिते न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात टॅली क्लार्क होते, आल्या-गेल्या कंटेनरची नोंद ठेवायचे. चार-स्ट्रोकची जुनी, जड फटफटी त्यांनी मामाकडून घेतली होती. मामा तिचे दुसरे मालक, हे तिसरे. ती उभी राहायची तिथे रोज दोन-चार थेंब तेल सांडायचं. जमीन सिमेंटची होती तोवर कोणाचं लक्ष नव्हतं. मग नव्वदच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत सोसायटीच्या हातात जरा पैसा आला आणि पार्किंगमध्ये फरशी बसली. फिकट पिवळी, नक्षीची. साळवीसाहेब तिच्यावरून चालताना पायाकडे बघत चालायचे. आठ दिवसांत त्यांना मोहित्यांचे थेंब दिसले. मी सेक्रेटरी. त्यांनी मला हुकूम सोडला, “बघून घ्या ते.”

मी बघून घेतलं. एका सुट्टीच्या दिवशी मोहिते सासरी गेलेले असताना मी फटफटीशेजारी उकिडवा बसलो. इंजिनापासून मागच्या चाकाकडे एक रबरी नळी गेली होती आणि तिच्या टोकाला अगदी गोंडस असा एक थेंब लटकत होता. चोर सापडला! मी घरून लाकडी पेन्सिलीचा तुकडा आणला, नळीच्या तोंडात घट्ट बसवला आणि वरून खात्याची काळी चिकट टेप सात-आठ वेढे गुंडाळली. केबलच्या जोडाला वापरतात ती, डांबराच्या वासाची. मग नळीचं टोक चेनच्या पत्र्यामागे सारून दिलं, दिसायला बरं म्हणून. मोहित्यांना सांगितलं नाही. केलेले उपकार बोलून दाखवू नयेत असं मला वाटलं.

दोन दिवस फरशी कोरडी. तिसऱ्या दिवसापासून मोहित्यांच्या पँटला डाग पडायला लागले. शपथेवर सांगतो, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

महिन्याभरात फरशीवर थेंबांच्या जागी थारोळी दिसायला लागली. साळवीसाहेबांनी नोटीस लावली, खाली माझी सही : तेल गळणारी वाहने पुढील जनरल बॉडीपासून पार्किंगमध्ये ठेवू दिली जाणार नाहीत. बाहेर रस्त्यावर गाडी ठेवणं म्हणजे ती चोराच्या हवाली करणं. शेजारच्या बिल्डिंगच्या दोन गाड्या अशाच गेल्या होत्या. मी नोटीस चिकटवून वर आलो तर वहिनी जिन्यात.

“जनरल बॉडी कधी?” त्यांनी विचारलं.

“पाच आठवडे आहेत. मोहित्यांना म्हणावं, विकून टाका आणि बसने जा.”

“सेकंड शिफ्टला तिकडून बस नसते भावजी. गाडी गेली की हे परत यार्डाजवळ जासईला खोली घेणार. चौघांत एक. लग्नानंतर दोन वर्षं तसंच होतं, शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. आमची मयूरी बापाला बघून रडायची. पावना आला म्हणून माझ्या मागं लपायची. मला ते परत नको.”

एवढं बोलून त्या खाली गेल्या, नोटीस वाचायला. मी ते सगळं चेअरमनच्या नावावर टाकलं आणि आत गेलो.

मोहिते आधी पनवेलच्या मिस्त्रीकडे गाडी घेऊन गेले. रशीद मिस्त्री त्यांचं नाव, माणूस सज्जन. दुसऱ्यांदा गेले तेव्हा वहिनी बरोबर गेल्या. मिस्त्रींनी इंजिनाच्या जोडांवर बोटानं चिकट सोल्यूशन फासलं आणि म्हणाले, “भाभी, बुढी गाडी है. पसीना तो आयेगाच.”

“पसीना आता है, लेकिन क्यों आता है?” वहिनींनी विचारलं.

मिस्त्री म्हणे हसत सुटले. वीस वर्षांत कुणी गिऱ्हाइकानं त्यांना हे विचारलं नव्हतं. सोल्यूशन चार दिवस टिकलं. त्यानंतर वहिनींनी नवऱ्याला सांगितलं की आता गाडी घरीच उघडायची. मोहिते गरीब स्वभावाचे, त्यांचा विरोध म्हणजे डोकं खाजवणं. ते खाजवून झाल्यावर दोघं कामाला लागली.

पुढचे चार रविवार आमच्या सोसायटीनं टीव्ही कमी पाहिला. वहिनींनी साडीचा पदर खोचून, रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन अख्खं इंजिन घासलं. प्रत्येक खाच, इंजिन थंड ठेवणारी प्रत्येक पाती. फडक्यानं पुसलं, वाळू दिलं. मग घरातून अंगाला लावायच्या पावडरीचा डबा आणला आणि इंजिनावर भुरभुरवला. इंजिन पांढरं शुभ्र. वरून गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, “वहिनी, तीट पण लावा!”

वहिनींनी वर बघितलंसुद्धा नाही. मोहित्यांना म्हणाल्या, “उरण फाट्यापर्यंत जा आणि या. मधे कुठं पुसायचं नाय.”

मोहिते परत आले ते लाजेनं लाल होऊन, कारण सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं वास घेऊन ‘बाळाला कुठं नेताय’ म्हणून विचारलं होतं. वहिनी गुडघ्यावर बसून इंजिन वाचत होत्या. पावडर जिथे ओली होऊन पिवळी पडली, तिथून तेल निघतं. खालचे ओघळ सगळे खोटे. वाऱ्यानं मागे उडतात, वर चढतात, पँटला लागतात. “बघा भावजी,” त्या मला म्हणाल्या, “तेल वर नव्हतं चढत. वरूनच येत होतं.” महिन्यापूर्वीचा प्रश्न त्यांनी सोडला नव्हता. ब्लाउजांच्या मापाच्या वहीत मागच्या पानावर त्यांनी इंजिनाचं चित्र काढलं आणि ओल्या जागी फुल्या मारल्या. पुढच्या पानावर होतं, ‘साळवीबाई, छाती ३८, उ. खांदा’.

मग पॅकिंग. इंजिनाच्या दोन भागांमध्ये जाड कागदाची एक चकती असते, तिला मिस्त्री लोक पॅकिंग म्हणतात. वहिनींनी पनवेलहून त्या कागदाचा ताव आणला. इंजिनाचं डावं झाकण काढून त्याच्या कडेवर कागद ठेवला आणि तेलकट अंगठ्यानं कडेकडेनं दाबत गेल्या. धातूची कड कागदावर उमटली, भोकंसुद्धा. मग शिवणाची कात्री. मी इतकी स्वच्छ कापणी बघितलेली नाही. “बाईचं माप घेताना ती पोट आत घेते,” त्या म्हणाल्या, “हे बिचारं खरं माप देतं.”

स्क्रू आवळताना मोहिते एका टोकापासून ओळीनं निघाले तर त्यांनी हातावर चापट मारली. “समोरासमोरचे घ्या. थोडे थोडे. एका बाजूनं शिवत गेलं की दुसरीकडं चुणी येते.” मोहित्यांनी निमूटपणे समोरासमोरचे घेतले. माझा ‘सगळे नट आवळा’ हा सल्ला मला आठवला आणि मी वर निघून गेलो.

डावं झाकण कोरडं झालं. पुढच्या रविवारी उजवं गळायला लागलं. उजव्याचं पॅकिंग कापलं, ते कोरडं झालं. मग वरचं टोपण पाझरायला लागलं, जे कधीच गळलं नव्हतं. वहीत फुल्यांची जागा बदलत होती. जनरल बॉडीला आठच दिवस राहिले. त्या संध्याकाळी मोहिते मला जिन्यात भेटले, म्हणाले, “जासईच्या खोलीचं बोलून आलोय. तिला सांगायचं कसं तेवढं बघतोय.” मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्यासारखा दिलासा देणारा माणूस सोसायटीत दुसरा नव्हता.

शेवटच्या रविवारी वहिनींनी पुन्हा इंजिन धुतलं, पुन्हा पावडर टाकली. मोहिते फेरी मारून आले. बाकीचे लोक आता कंटाळले होते, खाली फक्त मी होतो. वहिनींनी इंजिनाची एकेक बाजू बघितली. मग त्यांनी चेनच्या पत्र्यामागून ती रबरी नळी बोटानं बाहेर ओढली.

“का बरं?” त्या हळूच म्हणाल्या.

“काय झालं?” मोहित्यांनी विचारलं.

“सगळं अंग ओलं आणि ही एकटीच कोरडी. पावडर जशी टाकली तशी. रशीदभाई म्हणाले होते, ही नळी कायम ओलसर असते म्हणून. मग आपली का कोरडी?”

आम्ही सगळे महिनाभर ओलं शोधत होतो. कोरडं का आहे, असं विचारणारी बाई मी त्यांच्याआधी पाहिली नव्हती. त्यांनी टोक उजेडात धरलं, नखानं टेपचं तोंड शोधलं आणि वेढे सोडवायला लागल्या. एक, दोन, तीन. मला सात-आठ वेढे गुंडाळायची काय गरज होती? टेप सुटली, त्यांनी ती नाकाशी नेली, वास घेतला. पेन्सिलीचा तुकडा उपटून काढला. मग नवऱ्याला म्हणाल्या, “चालू करा.”

इंजिन सुरू झालं. वहिनींनी नळीच्या तोंडासमोर तळहात धरला आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी माझी भीतीसुद्धा विसरलो. “अहो, श्वास घेतंय! हात लावून बघा. आतली हवा किती दिवस कोंडली होती! जिथं जागा मिळेल तिथनं तेल घेऊन बाहेर पडत होती बिचारी.”

“पण हे घातलं कुणी?” मोहिते म्हणाले.

वहिनींनी तुकडा आणि टेप ब्लाउजच्या चिंध्यांच्या पिशवीत टाकली. “मामांच्या वेळचा कचरा असेल,” म्हणाल्या आणि हात पुसायला लागल्या. माझ्याकडे बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही, कारण मी फरशीकडे बघत होतो.

जनरल बॉडी पार्किंगमध्येच भरायची, फटफटीला लागूनच खुर्च्या. वहिनींनी चार दिवस आधीपासून इंजिनाखाली अस्तराचं पांढरं कापड पसरून ठेवलं होतं. ते उचलून त्यांनी सभेला दाखवलं. पांढरंच होतं. नळीला त्यांनी लांब तुकडा जोडून टोक औषधाच्या छोट्या बाटलीत सोडलं होतं आणि बाटली फ्रेमला बांधली होती.

साळवीसाहेब बाटलीकडे वाकले. “यात तेल आहे. म्हणजे गळतंच आहे!”

“हो साहेब, थोडं येणारच,” वहिनी म्हणाल्या. “कुठं पडायचं ते आपण ठरवलं. फरशीवर नाय, बाटलीत.”

“मग महिनाभर एवढं गळत कशानं होतं?”

“नळी तुंबली होती.”

“कशानं?”

“कचऱ्यानं.”

साळवीसाहेब माझ्याकडे वळले. “लिहा, सेक्रेटरी.” मी लिहिलं : नळीत कचरा अडकल्याने. गाडी आत ठेवण्यास हरकत नाही. खाली माझी सही.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही समोरासमोर राहिलो. मी तो विषय काढला नाही आणि वहिनींनीही काढला नाही. सणाला ताट इकडून तिकडे जायचं, तिकडून इकडे यायचं. दर वेळी मी ठरवायचो, आज सांगून टाकू, आणि करंजी खाऊन परत यायचो. मग माझी बदली कोल्हापूरला झाली. मोहित्यांनीही कामोठ्याला स्वतःची जागा घेतली असं कळलं.

दशक संपता संपता मी खात्याच्या कामाला पनवेलला आलो आणि पत्ता काढत कामोठ्याला गेलो. मनात एकच होतं, या वेळी बोलायचं. वहिनींनी दार उघडलं, ओठांत टाचण्या तशाच. आत मशिनी एकीच्या दोन झाल्या होत्या. भिंतीवर खिळ्याला कागदी पॅकिंगचे जुडगे अडकवलेले. रशीद मिस्त्री आता जुन्या गाड्यांची झाकणं त्यांच्याकडे माप द्यायला पाठवायचे. मयूरी क्लासला गेली होती. मोहिते यायचे होते.

चहा आला आणि मी कपाला हात लावायच्या आधीच बोललो. “वहिनी, त्या नळीत पेन्सिल मी घातली होती.”

“माहीत हाय की,” त्या म्हणाल्या. “ती टेप तुमच्या खात्याचीच. तुमच्या दाराच्या बेलला गुंडाळलेली असायची, रोज दिसायची मला.”

मी किती वर्षं तयारी करून गेलो होतो, आणि हे इतकं सोपं निघालं. “मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत? मला वाचवलंत तुम्ही.”

वहिनींनी टाचण्या ओठांतून काढून उशीत खोचल्या. मी त्यांना पहिल्यांदाच टाचण्या काढून बोलताना पाहिलं.

“तुमाला कशाला वाचवू भावजी? तुमचं नाव घेतलं असतं तर तुमी चिडला असता. चारचौघांत माणूस पकडला गेला की तो वाकडा होतो. सेक्रेटरी तुमी. काहीतरी नियम काढून गाडी बाहेर घालवली असती. मला गाडी आत पाहिजे होती. हे रोज घरी यायला पाहिजे होते. तुमी खरं बोलता की खोटं, ह्याचं तवा मला काय पडलं नव्हतं.”

त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी चहा प्यायलो. तो चांगला झाला होता, तेही सांगितलं.

खालून फटफटीचा आवाज आला आणि मोहिते वर आले, केस जरा पांढरे, बाकी तसेच. मला बघून खूप आनंदले, जेवूनच जा म्हणाले. मला पनवेलहून गाडी पकडायची होती. मी निघालो, जिना उतरून खाली आलो, तेवढ्यात वरून हाक आली. वहिनी गॅलरीत कठड्यावर वाकून उभ्या होत्या.

“भावजी, एक राहिलंच विचारायचं. बरीच वर्षं मनात हाय. तुमी त्या नळीला बूच बसवलं तवा तुमाला काय वाटलं? थेंब पडायचा बंद होईल, ते ठीक. पण आतलं तेल मग जाईल कुठं असं वाटलं होतं?”

मी मान वर करून उभा होतो. खरंच आठवून बघितलं. नळी आठवली, थेंब आठवला, टेपचा वास आठवला.

“काहीच वाटलं नव्हतं वहिनी,” मी म्हणालो. “थेंब दिसायचा थांबला की झालं, एवढंच.”

“अस्सं?” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. मान जराशी कलती करून त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणखी काही येतंय का याची वाट बघत, आणि मी तसाच खाली उभा राहिलो.